मोर, मॉर आणि मधला पोटमाळा

माघ संपत आला होता. सकाळी सातच्या सुमारास सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि वरूनच ओरडली, "आजी, वर या ना! आपल्या आंब्याला मॉर आलाय!"

आई चौऱ्याऐंशीची आहे. कठड्याला धरत धरत ती जिना चढली, पदरानं चष्मा पुसला, आंब्याखाली पाहिलं, कठड्यावर पाहिलं, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर पाहिलं. विश्वामित्रीच्या काठच्या झाडीतून आमच्या सोसायटीत मोर येतात, तेव्हा तिचं तसं काही चुकलं नव्हतं. (विश्वामित्रीतून मगरीही येतात, पण त्या पावसाळ्यात, आणि गच्चीवर नाही.)

"कुठंय गं?"

"हा काय समोर! केवढा आलाय!"

"अगं पण मोर कुठंय?"

"मोर नाही आजी, मॉर! मॉर!"

"मग मी काय म्हणतेय? मोरच म्हणतेय ना! कुठंय तो?"

मी खाली चहाचा कप घेऊन उभा होतो आणि हसू दाबत होतो. सून नडियादची. लग्नाला सहा वर्षं झाली, मराठी झकास बोलते, पण एखादा शब्द अडला की त्या जागी गुजराती शब्द बसवून पुढे जाते. बडोद्यात सगळेच तसं करतात; मीसुद्धा 'भाजी चिरली' म्हणायच्या ऐवजी 'शाक सुधारलं' म्हणून जातो आणि पुण्याचे नातेवाईक बघत राहतात. आंब्याच्या मोहोराला गुजरातीत मोर म्हणतात. पक्ष्यालाही मोरच म्हणतात. लिहिताना दोन्ही एकच. बोलताना मात्र पक्ष्यातला 'ओ' आपल्यासारखा, ओठ आवळून केलेला, आणि मोहोरातला 'ओ' तोंड जास्त उघडून केलेला, जवळजवळ 'कॉलेज'मधल्या 'कॉ'सारखा. सून दोन वेगळे शब्द बोलली. आईनं प्रत्येक वेळी एकच ऐकला. आणि आई बडोद्यात जन्मली आहे, आयुष्यात इथून बाहेर राहिलेली नाही.

मला याचं अप्रूप वाटायला एक कारण आहे. वडिलांचा दांडिया बाजारात छापखाना होता, आता त्याच जागेत माझं डीटीपीचं दुकान आहे. पण मधे दोन वर्षं मी इथल्याच विद्यापीठात भाषाशास्त्र शिकलो होतो, आणि माझी सगळ्यात मोठी फजिती याच 'ओ'नं केली होती.

झालं असं की आम्हाला एकेका वर्गमित्राच्या तोंडून शंभर शब्द ऐकून उच्चारांसकट टिपून आणायचे होते. माझ्या वाट्याला भरूचचा मुलगा आला. मला वाटलं, गुजराती तर आपल्या घरचीच! तासाभरात यादी संपवली. आठवड्यानं वही परत आली तेव्हा तिच्यावर लाल गोलांची रांगोळी होती. मोर, कोण, चोरी, कोडी, मेल, बेसवुं. प्रत्येक 'ए'ला आणि 'ओ'ला मी एकच चिन्ह दिलं होतं. सर म्हणाले, "तू कानानं ऐकलंच नाहीस. तुला स्पेलिंग माहीत होतं, तेच ऐकलंस." त्या मुलाला मी परत बसवलं आणि वदवून घेतलं. 'कोण' म्हणजे कोन, भूमितीतला. 'कोण' म्हणजे कोण, who चा अर्थ असलेला आपला कोण. चार दिवस मला काही कळेना. तो बिचारा कंटाळून तोंड फाडून 'कॉऽऽण' म्हणू लागला तेव्हा कुठे कानात उजेड पडला.

हे ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी एक घरगुती प्रयोग. तळहात पालथा करून हनुवटीखाली धरा आणि सावकाश म्हणा, इ... ए... ॲ... आ. हनुवटी पायरी पायरीनं खाली येते. तसंच उ... ओ... ऑ... आ. वरचं टोक इ-उ, खालचं टोक आ. ही टोकं बहुतेक प्रत्येक भाषेत सापडतात, कारण तिथं जीभ आणि जबडा यांना पुढे जायला जागाच नसते. भानगड मधे आहे. मधे ना भिंत ना खूण, नुसता उतार. त्या उतारावर पायरी कुठे बांधायची आणि किती बांधायच्या हे प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते, आणि दोन-चारशे वर्षांनी पायऱ्या मोडून पुन्हा बांधते.

आमच्या जुन्या वाड्याच्या हिशेबानं सांगायचं तर आ म्हणजे तळमजला, इ-उ म्हणजे गच्ची, आणि ए-ओ म्हणजे मधली माडी. मराठीनं माडी एकच ठेवली. गुजरातीनं माडीच्या खाली एक पोटमाळा काढला. बाहेरून घर सारखंच दिसतं, कारण लिपीत पोटमाळ्याला वेगळा दरवाजा नाही. इयन मॅडिसन या भाषाशास्त्रज्ञानं जगातल्या ५६४ भाषांचे स्वर मोजले, त्यांत १८८ भाषा पाच स्वरांच्या निघाल्या. पाच ही सगळ्यात जास्त आढळणारी संख्या. पाच म्हणजे बहुधा इ, ए, आ, ओ, उ, म्हणजे एकमाडी घरं. सात म्हटले की पोटमाळा आला.

आता हा पोटमाळा निघाला कुठून? इथं मला खरी मजा येते, म्हणून जरा रेंगाळतो.

शाळेत आपण सगळ्यांनी संधी घोकले आहेत. नर + इंद्र = नरेंद्र. सूर्य + उदय = सूर्योदय. अ आणि इ मिळून ए, अ आणि उ मिळून ओ. आम्हाला तो व्याकरणाचा नियम म्हणून शिकवला. खरं तर ती फार जुन्या उच्चाराची खूण आहे. संस्कृतातले ए आणि ओ मुळात अइ आणि अउ होते, ते वितळून एकजीव झाले. म्हणून तर प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांत, त्यांना संध्यक्षरं म्हटलंय आणि म्हणून ते संस्कृतात कायम दीर्घ. ऱ्हस्व ए-ओ म्हणायचेच नाहीत असा दंडक. तरी पतंजलीच्या महाभाष्यात एक गमतीची नोंद आहे, की सामवेद म्हणणाऱ्यांतले सात्यमुग्री आणि राणायनीय हे लोक अर्धा एकार आणि अर्धा ओकार म्हणतात. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीही कुणाचा तरी ए दुसऱ्याच्या ए-पेक्षा वेगळा पडत होता आणि कुणीतरी कान टवकारून ते टिपत होतं.

हे वितळणं आपल्याकडेच झालं असं नाही. ग्रंथातल्या अरबीत घराला 'बैत' आणि दिवसाला 'यौम', पण कैरोच्या रस्त्यावर 'बेत' आणि 'योम'. तोच उतार, तीच घसरगुंडी.

मग पुढं प्राकृतात शब्दांच्या पोटातली व्यंजनं झिजली आणि अ-इ, अ-उ पुन्हा शेजारी आले. मुकुल होतं त्याचं मउल-मउर झालं. कपर्दिकेची कवड्डी झाली. 'कवण' होताच. हे नवे अइ-अउ पुन्हा वितळायला निघाले, पण तोपर्यंत ए आणि ओ यांच्या जागा आधीच्यांनी धरून ठेवल्या होत्या. गुजरातीनं नव्यांना त्याच खोलीत कोंबलं नाही, एक पायरी खाली बसवलं. म्हणून मयूराचा मोर मिटलेला आणि मउरचा मोर उघडा. वीस नगांची 'कोडी' मिटलेली, कवडीची 'कोडी' उघडी. हिंदीनं त्याच शब्दांत औ लिहिला: मौर, कौड़ी, कौन. आणि मराठीनं काय केलं? आपल्या स्वभावाप्रमाणे प्रत्येक वेळी वेगळं. कुठं अउ तसाच ठेवला (चौथा, जो गुजरातीत उघड्या ओचा चोथो), कुठं मधे व-ह ठेवून दोघांना वेगळं बसवलं (कवडी, मोहोर), कुठं सरळ जुन्या ओमध्ये मिसळून टाकलं (कोण). संतांच्या ओव्यांत 'कवण' भेटतो तेव्हा मला भरूचच्या त्या मुलाचा 'कॉऽऽण' आठवतो. दोघं सख्खे भाऊ.

गुजरातीतल्या या दोन ए-ओंवरून शंभर वर्षांपूर्वी मोठा खल झाला होता. गुजराती कवी आणि भाषाभ्यासक नरसिंहराव दिवेटिया एका बाजूला, जुन्या पश्चिम राजस्थानीचा, म्हणजे गुजरातीच्या पूर्वज भाषेचा, अभ्यास करणारा इटालियन तेस्सितोरी दुसऱ्या बाजूला. पुढे भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडितांनी १९५० च्या दशकात त्याची आधुनिक पद्धतीनं मांडणी केली. मला विशेष वाटतं ते तेस्सितोरीचं. त्याला या गोष्टीत एवढा रस का, हे कळायला इटालियनकडे बघावं लागतं.

इटालियनमध्ये मासेमारीला पेस्का म्हणतात आणि पीच या फळालाही पेस्का. लिहिताना एकच. मासेमारीचा ए मिटलेला, फळाचा उघडा. 'वेंती' म्हणजे वीस, तो मिटलेला. 'वेंती' म्हणजे वारे, तो उघडा. स्वर सात, अक्षरं पाच. म्हणजे थेट आमची मोर-मॉरची गोष्ट. आणि तिथंही सगळ्या गावांचा हिशेब एक नाही. फ्लॉरेन्सचा ए मिलानमध्ये उघडा निघेल, आणि सिसिलीच्या घरगुती बोलीत तर पोटमाळाच नाही. मूळ लॅटिन एकच, पण पोरींनी घरं आपापल्या सोयीनं बांधली. स्पॅनिशनं उघड्या ए-ओचे तुकडे करून टाकले: लॅटिन 'पेत्रा'चा तिथं 'प्येद्रा' झाला, 'बोनुस'चा 'ब्वेनो'. तुकडे झाल्यावर पोटमाळ्याची गरज संपली, स्वर पाचावर आले. पोर्तुगीजनं ठेवला, वर त्याला खुणाही दिल्या. तिथं आजोबा म्हणजे 'अव्हो' आणि आजी म्हणजे 'अव्हॉ'. फरक तेवढाच. मिटलेल्या ओवर छत्रीसारखी खूण, उघड्यावर तिरकी रेघ. आमच्या आईच्या कानाचा माणूस लिस्बनला गेला तर त्याला घरातलं कोण वारलं हेच कळायचं नाही.

आईच्या कानावरून बार्सिलोना. तिथली गोष्ट मी वाचली तेव्हा दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो होतो. बार्सिलोनात कॅटलन आणि स्पॅनिश दोन्ही चालतात. कॅटलनमध्ये ए दोन, स्पॅनिशमध्ये एक. १९९० च्या दशकात नुरिया सेबास्तियन-गायेस, लॉरा बॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तरुणांना हे दोन ए ऐकवले. सगळे लहानपणापासून दोन्ही भाषांत वावरलेले, कॅटलन अस्खलित बोलणारे. पण ज्यांच्या घरात आधी स्पॅनिश होती, त्यांना दोन ए वेगळे काढताना नाकीनऊ आले. आयुष्यभर रोज कानावर पडूनही. बाळाचा कान पहिल्या वर्षातच घरच्या भाषेला लागतो, स्वरांना तर सहा महिन्यांच्या सुमारास, आणि मग ज्या फरकाचं घरात काम नाही तो फरक कान गाळायला लागतो.

म्हणजे आमची आईच की! घरी मराठी, शाळा मराठी, माहेर-सासर दोन्ही दांडिया बाजारात. गुजराती तिला चांगली येते, खंडेराव मार्केटात घासाघीस ती गुजरातीतच करते. भाजीवालीलाही कधी अडलं नाही, कारण वाक्य पुढे-मागे असतं, मॉरच्या जागी मोर म्हटलं तरी कुणी पक्षी तोलून देत नाही. सत्तर वर्षं तिनं 'कोण छे?' म्हटलं असेल, मिटलेल्या ओनं, आणि दाराबाहेरच्यानं कधी भूमितीचा कोन मनात आणला नसेल.

मी पुढचा उद्योग केला. मोबाइलवर आई आणि सून दोघींचा 'मोर' दहा-दहा वेळा रेकॉर्ड केला आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या बोएर्स्मा आणि वेनिंक या जोडीनं केलेल्या प्रात नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकला. पडद्यावर आवाजाचे काळे पट्टे दिसतात. सगळ्यात खालचा पट्टा तोंड उघडेल तसा वर सरकतो. सुनेचे पक्षी एका उंचीवर, मोहोर त्याच्या स्पष्ट वर. आईचे पक्षी आणि मोहोर एकमेकांत कालवलेले. मी तिला पडदा दाखवला. म्हणाली, "हे ईसीजीसारखं काय काढलंयस माझं?"

पण हेही खरं, की सुनेचे दहा मोर तंतोतंत एका जागी नव्हते. एक इकडे, एक तिकडे. १९५२ साली पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ माणसांचे इंग्रजी स्वर मोजले तेव्हाही तेच दिसलं होतं: प्रत्येक स्वर म्हणजे एक पुंजका, आणि शेजारचे पुंजके एकमेकांत घुसलेले. डॅनियल जोन्स या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञानं १९१७ च्या सुमारास मोजपट्टीसारखे ठरावीक स्वर नेमून दिले, ए-ॲ-ऑ-ओच्या मधल्या पायऱ्यांसकट, ते एवढ्यासाठीच, की कुठंतरी खुंटी असावी. माणसं काही खुंटीवर बोलत नाहीत.

फ्रेंच ही तर या बाबतीत बारा कोसांची भाषा. 'रोझ' हा फुलाचा शब्द पॅरिसमध्ये मिटलेल्या ओनं, दक्षिणेत उघड्या. आंद्रे मार्टिने नावाचा भाषाशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडला. छावणीत फ्रान्सच्या कानाकोपऱ्यातले अधिकारी. या पठ्ठ्यानं १९४१ साली तिथल्या चारशेवर अधिकाऱ्यांना प्रश्नावली देऊन अमुक दोन शब्द तुम्ही सारखे म्हणता की वेगळे, असं विचारून काढलं. कैदेत वेळ घालवायचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही.

आता माझ्या धंद्याकडे. वडिलांच्या छापखान्यात मराठीच्या खिळ्यांचा एक घोडा आणि गुजरातीचा एक. मराठीच्या खणांत अर्धचंद्र वेगळा, कारण आपण इंग्रजीतले ॲ-ऑ लिहायला तो वापरायला लागलो होतो. त्याआधीची मराठी जाहिराती-पावत्यांत भेटते: ब्यांक, ग्यास, डाक्टर, आफिस. तोंडात नसलेला स्वर लिहायचा कसा, म्हणून कुणी या लावला, कुणी नुसता आ. मग अर्धचंद्र आला आणि आपले स्वर लिपीत तरी दोनानं वाढले. गुजरातीतही तो आहे, पण वापरायचा आळस. तिथं आजही छापायला येतं ते कोलेज, डोक्टर, होल. 'हॉलमध्ये स्नॅक्स'चं 'होलमां स्नेक्स' होतं, त्यावर गुजरात्यांची चेष्टा करणारे विनोद सगळ्यांनी ऐकलेत. चेष्टा करणाऱ्या मराठी माणसाला मी एवढंच सांगतो: उघडा ऑ त्यांच्या स्वतःच्या शब्दांत कित्येक शतकांचा आहे, फक्त लिहिण्यात येत नाही; आपल्या लिहिण्यात येतो, आणि तो डॉक्टर-कॉलेजसाठी उसना आणलेला. तोंडभर कुणाकडे आहे ते बघा.

लिपीत नसल्यानं काय होतं याचा माझ्याकडे छापील पुरावा आहे. एका मंडपवाल्यानं हँडबिल करायला दिलं. लग्नात नवरानवरी बसतात त्या सजवलेल्या चौकोनाला गुजरातीत चोरी म्हणतात, उघड्या ओनं. चोरीमारीतली चोरी मिटलेल्या ओनं. लेखन एक. मी ठसठशीत टाइपात जुळवलं: 'चोरी भाडे मळशे'. हँडबिलांचा गठ्ठा दुकानात पडलेला असताना पुण्याहून मामा आले. गुजराती अक्षरं त्यांना अडखळत वाचता येतात. वाचून झाल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "भाड्यानं? म्हणजे माणूस ते देणार, की नुसती हत्यारं?"

लिपी आणि स्वर यांची चुकामूक करण्यात इंग्रजीनं कहर केलाय, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे दोष आमच्या धंद्याचा आहे. १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकेक मजला वर चढले. ए होता तो इ झाला, आ होता तो ए. आधी 'मीट' म्हणजे भेटणं हा मिटलेल्या ए-चा 'मेट' होता आणि 'मीट' म्हणजे मांस हा उघड्या ए-चा. म्हणून एकाचं स्पेलिंग दोन ई घालून आणि दुसऱ्याचं ई-ए घालून. पुढे दोन्ही चढत चढत इ-वर जाऊन एकत्र झाले. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' एवढे दोन-तीन मधल्या मजल्यावर राहून गेले. आणि नेमका या चढाओढीच्या मधेच, १४७६ साली, कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना घातला. जुळाऱ्यांच्या हाताला जे स्पेलिंग बसलं ते बसलं. स्वर पुढे निघून गेले. आजची इंग्रजी शिकणारी पोरं आमच्या त्या पूर्वजांना शिव्या घालतात, त्या मी निमूट ऐकून घेतो. चढणं अजून संपलेलं नाही. न्यूझीलंडच्या समालोचकाला 'टेन' म्हणताना ऐका, 'टिन' ऐकू येईल.

आणि मराठी? आपली माडी शांत वाटते, पण तिथंही सरकासरकी आहेच. जुन्या पुस्तकांतलं 'केलें', 'झालें' यातला नाकातला ए बोलण्यात कधीच अ होऊन बसला, केलं, झालं. १९६२ च्या नियमांनी लेखनातले बहुतेक अनुस्वार काढले, ए ठेवला. म्हणून पुस्तकात 'केले' आणि घरात 'केलं', आणि माझ्यासारख्या प्रूफवाल्याला दर पानावर प्रश्न, की लेखकाला नक्की कोणतं हवंय. गावाकडे शब्दाच्या सुरुवातीचा ए 'ये' होतो (एक-चा 'येक') आणि ओळख 'वळख' होते. स्वर उघडा पडला की त्याला पांघरूण घालायची सवय.

इंदूरला, रामबागेत माझी आत्या राहते. तिथं उलटा कारभार. टीव्हीवरच्या हिंदीत 'पैसा'चा ऐ उघडा असतो, पॅसाच्या जवळपास. बनारस-पाटण्याकडे 'पइसा', आपल्या मराठीसारखा. आणि इंदुरी माणूस तो सरळ मिटवून टाकतो: 'केसे हो भिया, पेसे लाए?' है-चा हे, कहना-चा केना. आत्याचा नातू घरात मराठी बोलतो, 'पइसे' म्हणतो. गल्लीत पाय टाकला की 'पेसे'. मुलाखतीला गेला तेव्हा 'पॅसे'. पोरानं आयुष्यात स्वरशास्त्राचं नाव ऐकलेलं नाही आणि तिन्ही मजल्यांवर अनवाणी फिरतो.

बंगालीत तर क्रियापदागणिक मजला बदलतो. 'आमि देखि', मी बघतो, यात ए मिटलेला, कारण पुढची इ त्याला वर ओढते. 'शे दॅखे', तो बघतो, यात उघडा. लिहिताना दोन्हीकडे तोच ए. नायजेरियातल्या योरुबा भाषेत 'ओको' म्हणजे शेत आणि 'ऑकॉ' म्हणजे नवरा. तिथं मात्र एकोणिसाव्या शतकापासून उघड्या स्वराखाली टिंब देतात, त्यामुळे गैरसमज नाहीत. आणि पेरूमध्ये केचुआ भाषेत मुळात तीनच स्वर, ए-ओ वेगळे नाहीतच. घशातून काढायचा क शेजारी आला की इ-उ आपोआप खाली घसरून ए-ओसारखे वाजतात. मग लिहायचे तीन की पाच, यावर तिथं आजही हमरीतुमरी चालते. १९८५ साली सरकारनं तीन ठरवले. कुस्कोच्या लोकांना पाच हवेत. मला दोन्ही पक्षांची बाजू पटते, पण अक्षरं जुळवणारा म्हणून विचाराल तर मी तीनवाल्यांचा.

घरी आता याचा खेळ झालाय. नात पाच वर्षांची, ओवी तिचं नाव. स्वतःच्या आईशी गुजराती, आमच्याशी मराठी. ती भिंतीकडे तोंड करून 'मोर' किंवा 'मॉर' म्हणते आणि पणजीनं ओळखायचं, पक्षी की झाड. पहिल्या दिवशी आईचे वीसपैकी अकरा बरोबर आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. तिसऱ्या दिवशी सोळा. मी थक्क झालो, या वयात! नंतर कळलं की ओवी पक्षी म्हणताना नकळत मान उंचावते आणि आई मागून तिची वेणी बघते. वेणीला पुढे घेऊन खेळ सुरू केला तेव्हा पुन्हा दहा.

परवा सकाळी खरोखर मोर आला. आंब्याच्याच फांदीवर, पिसारा खाली सोडून, मोहोर खाली सांडत बसलेला. ओवी गच्चीवरून किंचाळली, "पणजी, लवकर ये, मोर! मोर!"

आई खाली शेंगा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ दे. कैऱ्या धरल्या की सांग."